गाडी खाली बसायची तेव्हा

बाबांचे गुडघे गेले म्हणूनच मी ती अवाढव्य, महागडी एसयूव्ही घेतली होती. तिच्या चाकांपाशी स्प्रिंगऐवजी हवेच्या पिशव्या होत्या. बटण दाबलं की हवा कमी होई आणि गाडी चार बोटं खाली बसे. मग बाबा कुणाचाही हात न धरता आत चढत. जन्मभर सरकारी अधिकारी म्हणून वावरलेला माणूस, आधार घेणं त्यांना कमीपणाचं वाटे.

पाचव्या वर्षी पिशव्या गळायला लागल्या. ऑफिसला निघावं तर मयूर विहारच्या आमच्या सोसायटीत गाडी म्हशीसारखी फतकल मारून बसलेली! दोनदा पिशव्या बदलल्या, पुन्हा तेच. माझं डोकंच फिरलं. करोल बागेतला मेकॅनिक म्हणाला, "साहब, ये सिस्टम ही निकलवा दो. लोहे की स्प्रिंग डलवाओ, फिर कभी तंग नहीं करेगी." मी म्हटलं, निकाल दो. बाबांना विचारावं हे मनातही आलं नाही.

रविवारी आम्हाला फरीदाबादला आत्याकडे जायचं होतं. बाबा दाराशी उभे राहिले आणि सवयीने गाडी खाली बसायची वाट पाहू लागले. ती बसली नाही. मी हात पुढे केला. त्यांनी एकदा उंच सीटकडे पाहिलं, मग माझ्या हाताकडे.

"तू जाऊन ये," ते म्हणाले आणि काठी टेकत लिफ्टकडे वळले.

गाडी मात्र त्यानंतर एकदाही बिघडली नाही.