अडलेला हात

केस कापायचं दुकान चालवणाऱ्या वहिनींना सगळी गल्ली 'कैची'च म्हणायची. या कैचीची आणि कॅमेऱ्याची पहिली गाठ पडली, तेव्हा शेजारपाजारची तान्ही बाळं रडता रडता गप्प झाली. रडण्यातला आपला गुरू आला, हे त्यांनी ओळखलं. प्रत्यक्षात घडलं एवढंच, की दिवसभर लोकांचे केस कापून दमलेल्या कैचीने आळस दिला. तिच्या दिराने खोलीत असं यंत्र मांडलं होतं, की कॅमेऱ्यासमोर अंग हललं की त्या हालचालीचा आवाज व्हायचा. कैचीचा आळस बोगद्यात अडकलेल्या हत्तीसारखा घुमला.

"वहिनी, माझ्या नाचाच्या कार्यक्रमात या यंत्रासमोर तुम्हीच!" दीर ओरडला. दोन नर्तिका आधीच नाही म्हणाल्या होत्या, हे त्याने गिळलं.

अडचण होती उजव्या खांद्याची. ड्रायर धरधरून तो आखडला होता. हात कानापर्यंत यायचा आणि सरकारी कामासारखा अडायचा. तिथे आवाजही गंजलेल्या बिजागरीसारखा करकरायचा. कैची त्या करकरीवर बेहद्द खूश होती.

"लोकांना वाटेल, बिघाड झालाय," दीर कुरकुरला.

"वाटू दे. बिघाडच आहे तो. पण माझा आहे! जन्मभर लोकांची डोकी सांभाळली या खांद्याने. एकदा त्याचंही ऐका म्हणावं."

प्रयोगात हात कानाशी अडला. आवाज मात्र लोण्यासारखा वर वर चढत गेला. दिराने गुपचूप सोय करून ठेवली होती: हात थांबला, की पुढची चढण यंत्राने भरून काढायची. टाळ्या पडल्या.

कैची भर रंगमंचावर वळली. "भावजी, वर गेलेला हात कुणाचा? माझा तर इथंच आहे."

"वहिनी, नंतर बोलू ना..."

"नंतर नाही. तो उपरा हात आधी काढा. मी थांबते. पाय धडधाकट आहेत माझे."

दिराने यंत्रातली ती सोय बंद केली. कैचीने पुन्हा हात उचलला. तो अडला, आवाज करकरला, कण्हला, आणि तिथेच ठाण मांडून बसला. तिने हात खाली घेतला नाही. घाम फुटला, बोटं थरथरली; प्रत्येक थरथरीला घोगरा हुंकार उठत होता. पुढच्या रांगेतले एक आजोबा नकळत स्वतःचा गुडघा चोळू लागले.

त्या करकरीच्या जोरावर दुसरा प्रयोगही ठरला होता. त्याआधीच डॉक्टरांनी दिलेल्या व्यायामाने खांदा मोकळा झाला, करकर गेली आणि प्रयोग रद्द करावा लागला.