पावतीवरचा दुसरा माणूस

अझहर गेला तेव्हा मी त्याच्याशी बोलत नव्हतो.

आज वर्ष झालं.

लातुरात त्याच्या अब्बांचं ताडपत्री शिवायचं दुकान. शिवायचा तोच. मी समोरच्या गल्लीत टायपिंग करतो. बारावी नापास होऊन जवळच्या मुरुडहून इथं आलो तेव्हा पहिला दोस्त हाच झाला.

नांदेडकडे गोदावरीच्या काठावर वन विभागाचं एक उद्यान आहे. स्वतःचा तंबू लावून तिथं मुक्काम करता येतो, असं त्याला कुणीतरी सांगितलं.

"जायचं का विष्णू? दोघंच. नदीकाठी चहा करू."

मी यादी केली. सदतीस वस्तू. दोन टॉर्च, त्यांचे सेल वेगळे, सापासाठी फिनेल.

"इन्स्पेक्टर, कॅम्पिंगला चाललोय का बॉर्डरवर?"

तो मला इन्स्पेक्टरच म्हणायचा. मला सगळ्याचा संशय येतो म्हणून. चहावाल्यानं ग्लास विसळला का. एसटीचं मागचं चाक नीट आहे का.

लिफ्टमध्ये तर मी जातच नाही. "भरोसा नाही" म्हणतो आणि जिना चढतो. अझहरही सोबत चढायचा. चार-चार मजले. कारण कधी विचारलं नाही.

तंबू विकत घेऊ म्हटलं तर भडकला.

"ताडपत्रीवाल्याच्या पोराला तंबू विकत घ्यायला सांगतो? काही शरम?"

त्यानंतर तो विचित्र वागायला लागला.

"झोपताना पाय दुमडतो का सरळ ठेवतो?"

"कशाला?"

"असंच."

दोन दिवसांनी गावाकडून आईचा फोन. "आरं, अझहरचा फोन आलता. तू घरात कुठं झोपतो म्हणून इचारत हुता. म्हटलं, दाराजवळ. थंडीत बी दार उघडंच लागतंय त्याला."

माझी टर उडवायला मसाला गोळा करून राहिलाय, असं मला वाटलं.

एका रविवारी म्हणाला, धान्याच्या मोंढ्यात काम आहे. सोमवारी त्याच्या स्कूटीच्या डिकीत पाना शोधताना पावती सापडली.

त्याच उद्यानाची. रविवारचीच.

व्यक्ती: दोन.

मी ती दोनदा वाचली. होती तशी घडी घालून परत ठेवली.

"काल कुठं होतास?"

"सांगितलं की. मोंढ्यात."

"कुणासोबत?"

"पोत्यांसोबत. लई चौकशी करून राहिला, इन्स्पेक्टर."

आणि हसला. ते हसणंच मला खटकलं.

ठरवायचं माझ्यासोबत, आणि जायचं दुसऱ्याच कुणाला घेऊन?

या ट्रिपसाठी आमचा व्हॉट्सॲप ग्रुप होता. त्यात दोघंच. मी ग्रुप सोडला.

मग त्याचा मेसेज आला. "एकदा दुकानावर ये. माप घ्यायचं राहिलंय."

तंबूला माणसाचं माप कशाला लागतं? बहाणा. दोन कॉल आले, तेही घेतले नाहीत.

त्याला ताप आहे हे चहावाल्याकडून कळलं. ते पण मला खरं वाटलं नाही. मी यावं म्हणून पसरवलं असेल, म्हटलं.

डेंग्यू होता. आमच्या अबोल्याच्या अकराव्या दिवशी तो गेला.

मातीला गेलो. कब्रस्तानात मागे उभा राहिलो. आणि खरं सांगतो, तिथंही मी एकेकाचा चेहरा बघत होतो. तो दुसरा माणूस यातला कोण?

चाळिसाव्या दिवसानंतर अब्बांनी दुकानावर बोलावलं. त्यांना दमा आहे, बोलताना मधे थांबतात. त्यांनी फळीवरून एक निळी घडी काढली आणि दुकानासमोर उभी केली.

तंबू. समोरासमोर दोन दारं.

"अब्बा, तंबूला दोन दारं?"

"मूळचा एकाच दाराचा हुता. एका रविवारी मला नदीवर घेऊन गेला. आत बसवलं, चेन लावली. म्हणे, अब्बा, दम लागला की सांगा." थांबले. "लागला. तर तिथंच बसून कातरीनं दुसरं दार कापलं. मी म्हटलं, येड्या, पाणी घुसंल. तर म्हणाला, घुसू द्या. विष्णूला बंद जागेत गुदमरतंय. तो सांगत न्हाई."

पावतीवरचा दुसरा माणूस माझ्यासमोर बसून खिशात इन्हेलर शोधत होता.

त्यांच्या दुकानाचा एक रिवाज आहे. ताडपत्री झाली की गिऱ्हाईकानं माप बघायचं, आणि मगच कोपऱ्यात ऑइलपेंटनं त्याचं नाव टाकायचं. मोंढ्यात अदलाबदल होऊ नये म्हणून.

या तंबूचा कोपरा कोरा होता.

"आत झोपून बघ," अब्बा म्हणाले.

भर दुपारी, रस्त्याच्या कडेला, मी आत आडवा झालो. पाय सरळ केले. वीतभर जागा उरली.

"बरोबर?"

"बरोबर, अब्बा."

त्यांनी ब्रश दिला. मी 'अ' काढायला गेलो तर माझा हात धरला.

"शिवणाऱ्याचं न्हाई टाकत बेटा. ज्याचं हाय त्याचं टाक."

मी माझं नाव टाकलं.

आज सकाळी अब्बांना घेऊन नदीवर आलोय. गेटवर विचारलं, किती जण? पावती हातात दिली.

व्यक्ती: दोन.

एकदाच वाचली. खिशात ठेवली.

अब्बा बाहेर चहा करून राहिलेत. मी आत बसून हे लिहितोय. दोन्ही दारं उघडी आहेत. एकातून अब्बा दिसतात, दुसऱ्यातून पाणी.

अझहर, माप बरोबर आलंय रे.

फोन उचलायला हवा होता.

सलाम, दोस्ता.