निम्मी मेमरी

लातुरात आमच्या क्लासला मेनफ्रेम, म्हणजे बँकांचे अवाढव्य संगणक, शिकवणारे सर कधी स्वस्थ बसत नसत. साध्या पीसीवर मेनफ्रेमचं सोंग आणणारा एम्युलेटर होता. ते त्याच्या मेमरीचा आकडा बदलत, उठत, येरझारा घालत, परत बसत. शेवटी मशीनची निम्मीच मेमरी त्याला देत.

"सगळी देऊन टाका की सर, लई हळू चालायलंय."

"न्हाई. मोकळी जागा लागती."

एकदा खालून खडीचा ट्रक गेला अन् खिडक्या थरथरल्या. भूकंपाला तेव्हा बरीच वर्षं झाली होती. सरांनी दार सताड उघडलं आणि पाठीनं रेटून धरलं.

"चला, आधी तुम्ही."

आम्ही हसतच बाहेर आलो. मागं वळून पाहिलं, तर सर रिकाम्या खोलीत वाकून विचारत होते, "आत कुणी ऱ्हायलंय का?"