बाकावरचे पाय

सामन्याची शेवटची सहा मिनिटं उरली होती. माझ्या लेकीच्या शाळेच्या बास्केटबॉल संघातली एक मुलगी लंगडत बाहेर आली, तसे सर राखीव खेळाडूंच्या बाकाकडे वळले. पाच मुली आशेनं बघत होत्या, माझी मुक्ता तर पार पुढे झुकून. पण सरांनी एकीच्याही चेहऱ्याकडे पाहिलं नाही. पायांवरून नजर फिरवली आणि टोकाला बसलेल्या मुलीला आत पाठवलं.

सामना संपल्यावर मी तणतणतच त्यांना गाठलं. ते शांतपणे म्हणाले, "ताई, चेहरे सगळ्यांचेच तयार असतात. मी बुटांच्या लेस बघतो. जिला आत जायचंय, ती लेस सोडून बसत नाही."

वर्षभर मी काय काय तर्क लढवले होते! उंची, नेम, वशिला. आणि निवाडा होत होता दोन गाठींवर.

मुक्ता तिकडे वाकून लेस बांधत होती. आता, घरी जायला.

मध्यंतरात पाण्याची बाटली देताना मीच तिला म्हटलं होतं, "आज काही घेत नाहीत तुला. लेस तरी सैल कर, पाय मोकळे होऊ देत."