सोजरबाईंचा ठिपका

पेशंटला हात लावण्याआधी सोजरबाई आपले तळवे एकमेकांवर खसाखसा चोळत. शिरूरच्या एका खाजगी दवाखान्यात, बायकांच्या वॉर्डात मावशी म्हणून त्यांची एकोणीस वर्षं गेली. पण गार हात त्यांनी कुणाच्या पाठीला लागू दिला नाही. सकाळी अकरा खाटांवरच्या बायकांची अंगं पुसायची, वेण्या घालायच्या, चादरी बदलायच्या. मग कुठं त्यांना दिवस उजाडल्यासारखा वाटे.

गेल्या उन्हाळ्यात दवाखान्यानं सगळ्या कामगारांच्या गळ्यात एकेक टॅग अडकवला. कोण कुठल्या खोलीत आहे ते ऑफिसातल्या पडद्यावर ठिपक्यानं दिसायचं. रांजणगावला कंपनीत जाणारा त्यांचा मुलगा सम्राट हसला, "आये, तूबी कंपनीवाली झालीस की!"

पंधरा दिवसांनी सुपरवायझर ज्ञानेशनं त्यांना बोलावलं.

"मावशी, रोज तीन-तीन तास बाथरूममध्ये काय करता?"

"मी न्हाई साहेब, टॅग असतो तिथं. खिळ्याला अडकवून ठेवते. अंग पुसताना भिजंल म्हनून."

"काढायचा नाही. अंगावरच पाहिजे."

"आन् भिजला तर?"

"भिजवायचा नाही."

"मग पेशंट काय कोरडंच पुसू?"

ज्ञानेशनं पडद्याकडे बघितलं. वयानं तो सम्राटएवढाच. त्यालाही वरून कुणीतरी विचारत असणार.

सोजरबाईंनी मग टॅग दुधाच्या रिकाम्या पिशवीत गुंडाळून पोलक्यात खोचला. अंगाआड गेला की सिग्नल अडतो, हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. ठिपका कधी गायब व्हायचा, कधी थेट वरच्या मजल्यावर पुरुषांच्या वॉर्डात उगवायचा.

"का गं सोजरे, वर कुनाला भेटाया जातीस?" ऑफिसातला पडदा बघून आलेली बरोबरीची नकुशी म्हणाली. सगळ्या हसल्या. सोजरबाईंना हसू आलं नाही. त्यांनी तडक ऑफिस गाठलं.

"अकरा जणी हायेत वॉर्डात. त्यांना इचारा मी कुठं असते ते."

"मावशी, मला माहीत आहे हो," ज्ञानेश हळूच म्हणाला. "पण रिपोर्टमध्ये पेशंटचं बोलणं कुठं लिहू?"

आठवड्याभरात बदलीचा कागद आला. सोमवारपासून सोजरबाई मागच्या धुलाईखान्यात. तिथं चादरी येतात, माणसं येत नाहीत.

शनिवारी दुपारी वॉर्ड ताब्यात घ्यायला गौतमी आली. नवीन पोरगी, टॅग गळ्यात नीट मधोमध. सोजरबाईंच्या मनात तिला सांगण्यासारखं खूप होतं, ज्ञानेशबद्दल तर जास्तच. पण खाटेवरच्या पाबळच्या रतनबाईंची चादर गौतमीनं एका बाजूनं ओढायला घेतली, तशा सोजरबाई पुढं झाल्या.

"त्यांना डाव्या कुशीवर नको वळवू, खांदा दुखतो. आन् अंग पुसताना पानी थोडं कोमट घे."