बर्फाच्या बाटल्यांची पेटी

माझी पहिली बीअर मी शालीत गुंडाळून हॉट प्रेसमध्ये ठेवली होती.

हॉट प्रेस म्हणजे इथल्या घरांत गरम पाण्याच्या टाकीभोवती असतं ते कपाट. आयरिश माणसं त्यात टॉवेल ठेवतात आणि आम्ही मराठी माणसं इडलीचं पीठ. एनिस गावातल्या पहिल्याच हिवाळ्यात मी हे शिकले होते. त्या कपाटाशिवाय इथे पीठ फुगत नाही आणि दही लागत नाही. आंबवायचं म्हणजे ऊब द्यायची, एवढंच मला माहीत होतं. त्यामुळे बीअरलाही मी भरपूर ऊब दिली.

बाटली उघडली तेव्हा नेलपॉलिश काढायच्या द्रावणाचा वास आला आणि त्यामागून अतिपिकलेल्या केळ्यांचा.

बीअर करायचा नाद मला ऑफिसमधल्या शेजारणीने लावला. ती माझ्या शेजारच्या डेस्कवर बसते आणि साधारण माझ्या आईच्या वयाची आहे. तिच्या शेडमध्ये वर्षभर काही ना काही आंबत असतं. मी ऑफिसात फारशी बोलत नाही. विचारलं तर उत्तर देते. पण एकदा तिने तिच्या बीअरची बाटली दिली आणि मी आपण होऊन विचारलं, "ही करतात कशी?" दुसऱ्या दिवशी माझ्या खुर्चीवर एक झाकणाचं पिंप, एक नळी आणि यीस्टचं पाकीट ठेवलेलं होतं.

म्हणून पहिली चवही तिलाच दिली. तिने घोट घेतला, बराच वेळ खिडकीबाहेर पाहिलं आणि म्हणाली, "ग्रँड आहे." इथे ग्रँड म्हणजे नुसतं 'चालेल'.

"खरं सांग."

"कुठे ठेवली होतीस?"

मी सांगितलं. ती इतकी हसली की तिला चष्मा काढावा लागला. मग तिने समजावलं की यीस्ट काम करताना स्वतःच तापतं. बाहेरून ऊब दिली की ते पिसाळतं. त्याला अठरा अंशांच्या आसपास गार ठेवायचं, म्हणजे ते शहाण्यासारखं वागतं.

हे सगळं गमतीतच राहिलं असतं, पण त्याच आठवड्यात जेवणाच्या टेबलावर तिच्या बागेतल्या पार्टीचा विषय निघाला. ती दर उन्हाळ्यात सगळ्या टीमला बोलावते आणि प्रत्येकाने घरी केलेलं काहीतरी न्यायचं असतं. आदल्या वर्षी मी चिप्सची दोन पाकिटं नेली होती आणि कुंपणाजवळ उभं राहून त्यातल्या बऱ्याचशा चिप्स मीच संपवल्या होत्या. कोणी वाईट वागलं नव्हतं. मला फक्त तिथून पुढे जाता आलं नव्हतं. या वर्षी मला पुन्हा त्या कुंपणाजवळ उभं राहायचं नव्हतं.

"मी बीअर आणते," मी म्हणाले.

"तू केलेली?" कोणीतरी विचारलं.

"हो."

"वा, शाब्बास!"

शेजारीण आपल्या चहात फार लक्षपूर्वक पाहत होती.

त्या शनिवारी ती गाडीत थर्माकोलचे जाड ताव घेऊन आली. शेडच्या छताला लावून उरलेले होते. आम्हाला करायची होती एक पेटी. तिच्या एका खणात पिंप, दुसऱ्या खणात बर्फ झालेल्या पाण्याच्या बाटल्या आणि मधल्या भिंतीला भोक पाडून तिथे जुन्या कॉम्प्युटरचा पंखा. पिंप तापलं की पंखा आपोआप सुरू व्हायचा आणि बाटल्यांकडची गार हवा पिंपाकडे ढकलायचा.

ती करवत घेऊन बसली आणि खोलीभर पांढरे मणी उडाले. मी म्हटलं, दे इकडे. मेणबत्तीवर पातळ सुरी तापवली आणि ताव लोण्यासारखा कापला.

"हे कुठे शिकलीस?"

गणपतीच्या मखरासाठी, हे मी तिला सांगितलं. लहानपणी दर वर्षी बाबा आणि मी थर्माकोलच्या कमानी कापायचो. पुढे थर्माकोलवर बंदी आली, पण हाताला लागलेलं वळण राहिलं. तिला कमानी फार आवडल्या. त्यामुळे आमच्या पेटीच्या झाकणाला कारण नसताना एक कमान आहे.

नवी बीअर पिंपात घातली आणि त्याच आठवड्यात आई आली, तीन महिन्यांसाठी.

पेटी तिच्या खोलीत होती, कारण दुसरी खोलीच नव्हती. पहिल्या सकाळी चहा घेताना ती म्हणाली, "त्या पेटीत काहीतरी उचक्या देतंय."

पिंपाच्या झाकणावर एक छोटी नळी असते. आतला वायू त्यातल्या पाण्यातून बुडबुडे काढत बाहेर पडतो. मी म्हणाले, "खोलीतला ओलावा शोषायचं मशीन आहे."

"असं?" आई म्हणाली आणि टोस्टला लोणी लावू लागली.

मग ऊन पडलं. आयर्लंडमध्ये ऊन पडतं म्हणजे नुसतं ऊन पडत नाही, गावाचं डोकं फिरतं. एनिसच्या रस्त्यांवर माणसं टोमॅटोसारखी लाल होऊन आइस्क्रीम खात हिंडू लागली. जो तो दुसऱ्याला थांबवून ऊन पडल्याचं सांगत होता. आईची खोली दक्षिणेकडची. सकाळी ठेवलेल्या बाटल्यांचं दुपारपर्यंत पाणी व्हायचं आणि मी संध्याकाळपर्यंत शॅननला, फॅक्टरीच्या ऑफिसात. मधे कोणीतरी बाटल्या बदलायला हव्या होत्या. घरात एकच माणूस होतं.

सकाळी बूट घालता घालता मी म्हणाले, "आई, त्या पेटीत ना..."

"बीअर आहे," आई म्हणाली.

मी एका पायात बूट घालून उभी.

"आंबलेल्याचा वास मला कळत नाही होय गं? तू जन्मायच्या आधीपासून पिठं आंबवतेय. तू पितेस?"

"कधीतरी. अर्धा ग्लास."

"अर्ध्या ग्लासासाठी एवढं पिंप?"

मग मी तिला सगळं सांगितलं. पार्टी, चिप्स, कुंपण. ते कुंपण मी तोवर कोणालाच सांगितलं नव्हतं. आई उंबऱ्याशी उभी राहून ऐकत होती. शेवटी म्हणाली, "बरं. बाटल्या कधी बदलायच्या?"

"दुपारी. पण बाबांना..."

"बाबांना कशाला? ते पहिलं विचारतील, कितीला पडली. जा, बस चुकेल."

त्या दिवसापासून आई पेटीची मालकीण झाली. बाटल्यांना जागा हवी म्हणून तिने फ्रीझरमधला खवलेला नारळ काढला आणि आठवडाभर आम्ही सोलकढी, नारळीभात आणि नारळाच्या वड्या खाल्ल्या. दर दुपारी मला थर्मामीटरचा फोटो यायचा, खाली 'ठीक आहे' असं लिहिलेलं. संध्याकाळी मी झाकण उचलून डोकावले की ती हातावर चापटी मारायची. "विरजण लावलेल्याला सारखा हात लावायचा नसतो."

सगळ्यात तापलेल्या दिवशी मी मीटिंगमध्ये होते. आईचे लागोपाठ तीन फोन आले. मी कॉरिडॉरमध्ये पळाले.

"अगं, ताप चढतोय," आई म्हणाली. "एकवीस होते, आता बावीस. बाटल्या अजून गोठल्याच नाहीत."

"मग आता?"

"आता काय, तू तिथून फुंकर घालणारेस? ठेव फोन. मी बघते."

वळले तर शेजारीण मागे उभी. तिला मराठीतलं अक्षर कळत नाही, पण माझा चेहरा कळला होता. "पेशंट कसा आहे?" तिने विचारलं.

"तापलाय. आई बघतेय."

"मग ठीक आहे," ती म्हणाली. माझ्या आईला ती तोवर भेटलीही नव्हती.

संध्याकाळी घरी आले तेव्हा पेटी रिकामी होती. बाथरूमचं दार उघडं. आत शॉवरखाली पिंप उभं होतं, आईच्या जुन्या सुती साडीच्या ओल्या तुकड्यात लपेटलेलं, टाइल्सच्या गारव्यात, समोर टेबलफॅन. साडीचं टोक खालच्या परातीतल्या पाण्यात सोडलेलं. नळी शांतपणे, अंतराअंतराने उचक्या देत होती. दाराबाहेर स्टुलावर आई मटार सोलत बसलेली.

"माठाला नाही का ओलं फडकं गुंडाळत," ती म्हणाली. "वारा लागला की गार होतो. बघ."

थर्मामीटर अठरावर होता. खोलीतल्या गालिच्यावर पिंप ओढत नेल्याची ओली वाट उमटली होती. ती वाळायला आणखी दोन दिवस लागले आणि तेवढ्यात ऊनही संपलं.

बीअर बाटल्यांत भरली तेव्हा पिंपाच्या तळाशी पिवळसर, दाट साका उरला. मी तो सिंकमध्ये ओतायला पिंप तिरकं केलं.

"अगं, थांब! काय ओततेयस?"

"गाळ आहे, आई."

"गाळ? विरजण आहे ते. पुढच्या वेळी काय करशील?"

तिने जॅमची बरणी उकळून घेतली, साका तीत भरला, झाकण सैल लावलं आणि फ्रिजमध्ये लिंबाच्या लोणच्याशेजारी ठेवली. मी पुन्हा त्याचा विचार केला नाही.

पार्टीला आईही आली, स्पोर्ट्स शूज आणि सिल्कची साडी घालून. मी पहिला ग्लास शेजारणीला ओतला. वरती फेस आला, छान, जाड. तिने वास घेतला. घोट घेतला. मी तिच्या नजरेकडे बघत होते, की ती कुठे दूर बघते का.

तिने ग्लास माझ्यापुढे धरला. "आणखी ओत."

मग बाकीचे आले. कोणीतरी विचारलं, त्या उन्हात गार ठेवलीस कशी? मी तोंड उघडायच्या आत आईने आपल्या इंग्रजीत बाथरूमची गोष्ट सुरू केली. 'मदर गिव्ह बाथ टु बीअर' म्हणाली आणि बाग हसून लोळली. अडेल तिथे ती माझ्याकडे बघायची आणि मी शब्द पुरवायचे. नंतर लोक मलाच विचारू लागले, पंखा कुठला, थर्माकोल कसं कापलं. मी सांगत राहिले. दोन तासांनी घसा बसला होता.

आई मात्र स्वतः प्यायली नाही. माझा ग्लास घेऊन तिने नुसता वास घेतला, जसा ती पिठाचा घेते. "बरोबर आंबलीय," म्हणाली आणि ग्लास परत दिला.

निघताना तिने पिशवीतून ती बरणी काढली. गाडीत सगळा वेळ मांडीवर सरळ धरून आणली होती. मला वाटलं होतं लोणचं आहे. तिने ती शेजारणीच्या हातात दिली.

"हे काय?" शेजारणीने मला विचारलं.

"सांग तिला," आई म्हणाली.

मी सांगितलं की आमच्याकडे दह्याचं विरजण शेजाऱ्यापाजाऱ्यांत असं फिरतं. एकीचं संपलं की ती दुसरीच्या दारात जाते. हे बीअरचं आहे, तुझ्याच यीस्टचं, पण आता आमच्या घरचं.

शेजारणीने बरणी उन्हात धरून पाहिली. झाकण सैल आहे हे तिच्या लगेच लक्षात आलं; तिने ते घट्ट केलं नाही. "आणि माझं संपलं तर?" ती म्हणाली. "तुमच्या दारात यायचं?"

याचं मला भाषांतर करावं लागलं नाही.

"कम," आई म्हणाली. "ब्रिंग वाटी."