गॅलरीतला दोर

आमच्या गॅलरीच्या ग्रिलमधून एक बुलबुल आत येतो, तुळशीच्या कुंडीवर बसतो आणि मनात येईल तेव्हा उडून जातो. हल्ली मला त्याचा हेवा वाटतो.

समोरच्या इमारतीत आग लागली, तेव्हापासून आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात एक पिशवी भरून ठेवली आहे. टॉर्च, शिट्टी, ह्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली कागदपत्रं. काल ह्यांनी जाड दोरही आणला, दुकानात दोनदा ओढून बघून.

"जिन्यात धूर झाला तर गॅलरीतून उतरायचं," हे म्हणाले.

"पण गॅलरीतून बाहेर पडायचं कसं?"

ह्यांनी ग्रिलवर हात ठेवला. मांजरही शिरू नये असं ते त्यांनीच उभं राहून बसवून घेतलं होतं.

"तेव्हा फक्त चोराचा विचार केला," ते हळूच म्हणाले.

त्यात एक झडप करून घेऊ म्हटलं, तर ह्यांना पुन्हा चोर आठवले. घर करताना आपण बाहेरच्यांनाच भितो. आपल्यालाच कधी पळावं लागेल, हे मनातही येत नाही.

आज सकाळी ह्यांनी तो दोर ग्रिलला आडवा बांधला. बुलबुल आला, त्यावर क्षणभर टेकला आणि गजांमधून निघून गेला. मी ह्यांचा ओला शर्ट झटकला आणि त्याच दोरावर वाळत घातला.